असावे

बर्फाच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावर आमची समिती बसते.
खाली लाद्या फुटतात, वर आम्ही शब्द फोडतो.
मालवण, दुपारचे तीन.
खिडकीतून जेटी दिसते, आणि आत येतो
सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास,
ज्याला कुठल्याच मसुद्यात रकाना नाही.

लहान मासेमारी नौका: बांधणी व सुरक्षितता.
आवृत्ती चौथी. कलम सात, पोटकलम तीन.
"नौकेवर पुरेशी जीवरक्षक जाकिटे असावीत."

"पुरेशी म्हणजे किती गो?" भिकाजी मेस्त विचारतात.
बांधणाऱ्यांचे प्रतिनिधी. शर्टाच्या खिशात
पेनाऐवजी सुताराची चपटी पेन्सिल.
मघाशी खिळ्यांमधलं अंतर "चार बोटे" लिहा म्हणाले,
मग स्वतःच टेबलावर हात ठेवला,
माझा हात शेजारी ठेवायला लावला,
आणि हसले. "माझी बोटां वायली, तुझी वायली.
मिलिमीटरच घाल."

पण मी अडकलेय ती पुढच्या शब्दापाशी.

आपल्या भाषेत असावे म्हणजे हुकूम.
असावे म्हणजे इच्छा: घर असावे, अंगणात माड असावा.
आणि असावे म्हणजे नुसता अंदाज:
दिवा दिसतोय, कुणीतरी जागं असावं.

गेल्या नवरात्रात बाबी टिकमची होडी
दांडीवरून गेली, ती उलटी सापडली.
तिघे होते. दोघे पोहत आले.
वंदना टिकम वाळूत उभी राहून
येईल त्याला सांगत होती,
"तळाशिलाक लागलो आसतलो."
तीन दिवस सांगत होती.

चौकशीला मीही होते, फाईल धरायला.
मालकाला विचारलं, जाकिटे होती?
तो आमच्याच नियमासारखा बोलला.
म्हणाला, "असावीत."
आणि मी ते तसंच उतरवून घेतलं,
शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

मुंबईहून आलेले सदस्य चष्मा पुसतात.
"शक्यतो घाला ना आधी. शक्यतो असावीत.
भाषा जरा मऊ राहते."
मऊच आहे ती, सर. पाणी आत येतं.

मग मला चेव चढला.
रंग पाहिजेच, नाव पाहिजेच, दोरी पाहिजेच,
नाळेवरचा नारळसुद्धा पाहिजेच.
प्रत्येक ओळीच्या शेवटी एक च,
तांब्याच्या खिळ्यासारखा, डोक्यापर्यंत ठोकलेला.

मेस्तांनी पान माझ्याकडे सरकवलं.
"इतके खिळे मारलंस तर फळी फुटतली."
आणि बोट ठेवत गेले, एकेका ओळीवर:
ह्या होयाच.
ह्या केल्यान तर बरा.
ह्या चलात, नाय केल्यान तरी चलात.
तीन ढीग. आयुष्यभर लाकूड निवडलं तसे.

नारळ तिसऱ्यात गेला. रंग दुसऱ्यात.
पहिल्या ढिगात फार थोडं उरलं,
म्हणून ते वाचता येत होतं.

"निघताना नौकेवर जितक्या व्यक्ती असतील,
तितकी जीवरक्षक जाकिटे असलीच पाहिजेत."
"निघताना" साठी अर्धा तास भांडलो.
"असतील" वर कुणीच बोललं नाही.
एका अक्षराला पाच सह्या लागल्या.

बाबीला त्याचा उपयोग नाही,
हे कुठल्याच टिपणीत लिहायचं नसतं.

सहाला खाली उतरले. लाद्या भरलेला टेम्पो,
त्यावर भुसा टाकणारा पोरगा.
"मॅडम, वरसून दिसतत ना होडये? सगळे इले?"
इले असावेत, असं ओठांवर आलं होतं.
मागे वळले, जेटीच्या टोकापर्यंत गेले,
कंदील मोजले.
"अकरा," म्हटलं. "गेले किती होते?"
त्याला माहीत नव्हतं.